डबा न वाजवता

विद्यार्थ्यांनी कुणासाठी निधी जमवायचं ठरवलं की पहिल्या बैठकीतली पहिली सूचना ठरलेली असते. डबा घेऊन बाजारपेठेत फिरायचं. पत्र्याचा डबा, झाकणाला चीर, भोवती पांढरा कागद आणि त्यावर लाल स्केचपेनने लिहिलेलं आवाहन. मी कॉलेजात अकाउंटन्सी शिकवायचे आणि त्यातली बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारीही होते. ही सूचना मी कधी खोडून काढली नाही. आठवडी बाजारात उन्हातान्हात डबा वाजवून पोरं परतली की तो टेबलावर पालथा करायचा आणि नाण्यांच्या चळती लावायच्या. पैसे अगदीच वाईट जमायचे असं नाही. पण मोजताना पोरं गप्प असायची. "मॅडम, लोक आम्हाला लांबून बघूनच रस्ता ओलांडतात." "एका काकांनी पाच रुपये टाकले आणि म्हणाले, आता पुढं व्हा." पुढच्या वर्षी त्या तुकडीतलं कुणी डब्याचं नाव काढत नसे.

डबा पुढे केला की देणारा आणि मागणारा दोघंही अवघडतात. एकाला सुटका हवी असते, दुसऱ्याला शरम वाटत असते. आणि ज्याच्यासाठी मागायचं तो तर तिथे नसतोच, त्याचं फक्त दुःख असतं, तेही पोस्टरवर. तेच पैसे खेळातून, खाण्यातून, अंगमेहनतीतून मागितले की हवा बदलते. देणाऱ्याला त्याच्या वीस रुपयांचं काहीतरी मिळतं. तो चेष्टा करू शकतो, घासाघीस करू शकतो, हरू-जिंकू शकतो. कुणाला रडवून पैसे काढावे लागत नाहीत.

आपल्याकडे हे नवं मुळीच नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्यांच्या मालक-नटांनी मिळून 'संयुक्त मानापमान' हे नाटक केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. एकाची भामिनी आणि दुसऱ्याचा धैर्यधर एकाच रंगमंचावर बघायला मिळणार म्हणून लोकांनी गर्दी केली. आलेल्यांत देशासाठी किती आले आणि गाण्यासाठी किती, याची चौकशी फंडाने केली नसणार. आम्ही राहतो सातारा जिल्ह्यात. इथे तर कर्मवीर भाऊरावांच्या 'कमवा आणि शिका'चा वारसा घरोघरी आहे. हाताने काम करून पैसे मिळवायची लाज इथल्या पोरांना वाटत नाही. लाज वाटते ती मागायची.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, ३७ विद्यापीठांत, ४०,००० विद्यार्थी घेऊन. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं असतं. श्रमदान, रक्तदान, हिवाळी शिबिर यांत ते तास भरतात. निधी जमवणं हे त्यातलं बाजूचं काम. पण पोरं सर्वांत जास्त फुलतात ती तिथेच, हेही खरं.

आमच्या तालुक्याजवळ दृष्टिहीन मुलांची एक निवासी शाळा आहे. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा आमच्या पोरांच्या डोक्यात सगळं तयार होतं: मुलांना कपडे द्यायचे, फळं वाटायची, फोटो काढायचा. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला काही न बोलता कोठीच्या खोलीत नेलं. तिथे छतापर्यंत ब्लँकेटं रचलेली. "पंधरा ऑगस्टला तीन ठिकाणांहून जिलेबी येते," बाई म्हणाल्या. "महिन्यात इतके वाढदिवस असतात आणि प्रत्येकाला आमच्याच मुलांना गोड जेवू घालायचं असतं. पोरं गुलाबजाम बघून नाकं मुरडतात. पण ब्रेलच्या कागदाचं रिम घेऊन कुणी येत नाही. रिमाशेजारी उभं राहून फोटो चांगला येत नाही ना!"

मग त्यांनी यादी दिली. ब्रेलसाठी जाड कागद लागतो, साध्या कागदावर उठवलेले ठिपके बोटाखाली बसून जातात. तो कागद महाग आणि संपतोही भराभर, कारण मजकूर कितीतरी जास्त जागा खातो. पर्किन्सचं ब्रेल टंकयंत्र एक बंद पडलेलं, त्याच्या दुरुस्तीचा खर्च. पांढऱ्या काठ्यांची टोकं, जी रस्त्यावर घासून झिजतात आणि बदलावी लागतात. विजेचं बिल. हे ऐकताना आमच्या पोरांचे चेहरे उतरले. विजेच्या बिलासाठी कोण पैसे देणार? निघताना बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पोस्टरवर आमच्या मुलांचे फोटो लावू नका. आणि मेळावा कराल तेव्हा त्यांनाही बोलवा. पैसे त्यांच्या नावाने जमणार आणि ती वसतिगृहात बसून राहणार, हे काही बरं नाही.

या दुसऱ्या वाक्याने आमच्या कामाची पुढची सगळी दिशा ठरवली. त्याकडे वळतेच, पण त्याआधी पंख्यांबद्दल सांगायला हवं, कारण निव्वळ रुपयांत बघितलं तर आमची सर्वांत यशस्वी कल्पना तीच.

ती सुचली एका पोराला, जो शाळेत स्काउटमध्ये होता. स्काउटात 'खरी कमाई' असते. घरोघरी जाऊन लहानसहान काम करायचं आणि त्याचे पैसे मिळवायचे. तो म्हणाला, मॅडम, दिवाळीच्या आधी सगळ्यांच्या घरी पंखे पुसायचे असतात आणि कुणालाच ते पुसायचे नसतात. बैठक हसली. पण वसुबारसेच्या आधीच्या दोन रविवारी पोरं जोडीजोडीने निघाली, ओळखीच्या कॉलन्यांमध्येच, सोबत बादली, फडकी, जुनी उशीची खोळ. खोळ कशाला, तर पात्यावर चढवून मागे ओढली की धूळ खोळीत जाते, खाली पलंगावर पडत नाही. ही युक्ती एका मुलीच्या आजीची. नियम आम्ही आधीच ठरवले होते: मेन स्विच बंद केल्याशिवाय पंख्याला हात नाही, स्टुलावर स्टूल ठेवायचं नाही, एकाने चढायचं आणि दुसऱ्याने स्टूल धरूनच उभं राहायचं. पंख्याला तीस रुपये, खिडकीच्या जाळीला वीस, माळ्यावरचं सामान खाली काढून पुन्हा वर ठेवायचे पन्नास.

पैसे जमलेच, आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती ती कळली. गावात एकेकटे राहणारे म्हातारे किती आहेत! मुलं पुण्यात, बेंगळुरूत, अमेरिकेत, आणि इथे दोन मजली घरात एक आजी आणि सहा पंखे. एक जोडी दुपारी दोनला गेली ती पाचला परत आली. मी रागावले तर म्हणाले, "मॅडम, पंखा एकच पुसला. आजी बोलत बसल्या." त्या घरून तीस रुपये, चिवड्याची पुडी आणि 'पुन्हा कधी येताय' असा निरोप आला. पुढच्या वर्षी त्याच आजींचा फोन गणपतीतच कॉलेजात आला, आमचे पंखे या वर्षी कोण पुसणार आहे म्हणून. असे फोन यायला लागले की तो उपक्रम मुलांच्या हातून सुटत नाही, मग मॅडम असोत वा नसोत.

पालकांपैकी काहींना हे आवडलं नाही. आमचा मुलगा लोकांच्या घरी झाडू मारायला कॉलेजात पाठवला का, असं एक वडील स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मुलगा घरी कधी पंखा पुसतो का, एवढंच विचारलं. ते पुटपुटत गेले. पुढे त्यांच्याच घरच्या पंख्यांची नोंद आमच्या यादीत आली. दर मात्र त्यांनी कमी करून घेतला.

आता खाद्यमेळा. प्रत्येक शाळा-कॉलेजात होतो, आनंदमेळा म्हणा नाहीतर खाऊगल्ली. भेळ, मिसळ, थालीपीठ, कोकम सरबत, मठ्ठा, मोमो. सर्वांत जास्त मजा इथे आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच, तीही स्वतःची. संध्याकाळी पोरं गल्ल्यातले पैसे मोजून सांगतात, "मॅडम, साडेचार हजार!" मी विचारते, तेल कुणी आणलं? आईने दिलं. शेव? काकांच्या दुकानातून. गॅस? घरचाच सिलिंडर. मग फायदा साडेचार हजार कसा? आईने दिलेलं तेल फुकट नसतं, ते आईच्या खर्चात पडलेलं असतं. एका वर्षी मी सक्तीच केली, प्रत्येक गटाने घरून आलेल्या वस्तूची बाजारभावाने किंमत लिहायची. दोन गट चक्क तोट्यात निघाले. त्यांच्या मिसळीवर सगळ्यांत मोठी रांग होती!

पण हिशेबापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती, आणि ती मला त्या कागदांमुळेच दिसली. ज्या पोरांच्या घरून तेल येऊ शकत नव्हतं ती मेळ्यात स्टॉलच लावत नव्हती. काहीतरी कारण सांगून त्या दिवशी गैरहजर राहायची. मेळा दुसऱ्याच्या मदतीसाठी, आणि वर्गातला गरीब पोरगा त्यामुळेच घरी! पुढच्या वर्षापासून पद्धत बदलली. घरून काहीच आणायचं नाही. सेवा योजनेच्या युनिटच्या खात्यातून प्रत्येक गटाला सारखीच उचल, तीनशे रुपये. त्यात काय बसवायचं ते बसवा, संध्याकाळी आधी उचल परत करा आणि उरेल तो निधी. तीनशेत पावभाजी होत नाही. मग डोकी चालली. एका गटाने उकडलेल्या शेंगा आणल्या, एकाने चिंचेचं सार कुल्हडात घालून विकलं. सगळ्यांत जास्त कमावलं ते कैरीच्या फोडी तिखट-मीठ लावून विकणाऱ्यांनी. कैऱ्या एका पोराच्या शेतातल्या होत्या, त्याला त्याचे पैसे रीतसर मोजून दिले. तो घेत नव्हता. मी म्हटलं, घे, नाहीतर हिशेब जुळणार नाही.

फिशपाँडबद्दल लिहिताना जरा जपूनच लिहायला हवं. जुन्या लोकांच्या भाषेत शेलापागोटे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते असतातच, म्हणून एका तुकडीने सुचवलं, की प्रत्येक फिशपाँडला पाच रुपये घेऊ. चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. वाचनाच्या आदल्या रात्री चिठ्ठ्या निवडायला बसलेल्या मुली माझ्या घरी आल्या. निम्म्या चिठ्ठ्या वाचण्यासारख्या नव्हत्या. कुणाच्या रंगावर, कुणाच्या वडिलांच्या धंद्यावर. पैसे घेतले होते, म्हणजे लिहिणाऱ्याला वाटत होतं आपला हक्क झाला. त्या मुलींनीच तोड काढली. फक्त प्राध्यापकांवरचे फिशपाँड वाचायचे, बाकीच्यांचे पाच-पाच रुपये परत. प्राध्यापकांना विचारायला मी गेले. दोघांनी नकार दिला, त्यांची नावं वगळली. बाकीचे उघड म्हणाले, होऊन जाऊ दे. माझ्या वाट्याला जो आला तो डेबिट-क्रेडिटवर होता आणि बराच लागला, पण चांगला होता. तेव्हापासून वाचनाला आणखी एक कलम जोडलं: प्राध्यापकाला उत्तर द्यायचं असेल तर त्यानेही दहा रुपये टाकायचे. आमचे मराठीचे सर एकट्याने शंभर रुपयांची उत्तरं देऊन गेले.

पणत्या रंगवून विकणं, आकाशकंदील करणं, राख्या, भेटकार्डं यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. होतं, चांगलं होतं. पणती पाण्यात भिजवून वाळवून मग रंगवा, नाहीतर तेल झिरपून रंग फुगतो. आणि माल दिवाळीच्या आठवडाभर आधी संपलाच पाहिजे, कारण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी रंगवलेल्या पणतीची किंमत शून्य. कुंभाराकडून माल घेताना मात्र घासाघीस करू नका, हे मी दर वर्षी सांगायचे. एकाच्या मदतीसाठी दुसऱ्याचं पोट मारायचं हा कुठला हिशेब?

क्रिकेटच्या सामन्याची कल्पना दिसायला फार आकर्षक. प्राध्यापक विरुद्ध विद्यार्थी, आणि गावातल्या दुकानदारांनी प्रत्येक धावेला ठरावीक रक्कम द्यायची. धाव निघाली की मैदानावर कल्ला. प्राचार्य शून्यावर बाद झाले तेव्हा एका दुकानदाराने खूश होऊन स्वतःचा दर दुप्पट केला. पण सामना संपल्यावर ती रक्कम वसूल करायला पोरं महिनाभर फिरत होती. कुणी म्हणालं नंतर या, कुणी म्हणालं एवढ्या धावा निघतील असं वाटलं नव्हतं. मी वर्गात येणे बाकी आणि बुडीत कर्ज हे धडे शिकवायचे. त्या वर्षी ते वेगळे शिकवावे लागले नाहीत.

आता मुख्याध्यापिकाबाईंच्या त्या वाक्याकडे. मुलांना बोलवा, म्हणाल्या होत्या. आमच्या पोरांनी सुरुवातीला त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या मांडायचं ठरवलं होतं. शाळेतल्या आठवीच्या एका मुलाने विचारलं, "बसून काय करू? मला स्टॉल द्या." काय विकणार? "बुद्धिबळ." वीस रुपये द्या आणि माझ्याशी खेळा, हरलात तर आणखी दहा. दृष्टिहीनांच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असतं आणि सोंगट्यांच्या बुडाला खुंटी, म्हणजे चाचपताना सोंगटी पडत नाही. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर छोटी टाचणी असते, रंग ओळखायला. समोरच्याचा पट वेगळा, नेहमीचा. चाल मोठ्याने सांगायची. त्यामुळे बघायला जमलेल्यांनाही सगळं ऐकू यायचं, एखाद्या कुस्तीच्या समालोचनासारखं. पहिल्या अर्ध्या तासात आमच्या तिन्ही शाखांची पोरं हरली. मग बातमी पसरली. संध्याकाळी उपप्राचार्य स्वतः बसले, विद्यापीठ पातळीवर खेळलेले. ते जिंकले, पण फार कष्टाने. हरलेला मुलगा लगेच म्हणाला, "सर, परत खेळा. वीस रुपये."

शेजारी दोन मुली ब्रेलमध्ये नाव लिहून देत होत्या. बुकमार्कएवढी जाड पट्टी, दहा रुपये. ब्रेल पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जायचं असतं, मग कागद उलटला की उठाव वर येतो आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतो. गर्दी आधी ते बघायलाच जमली. पुढे एका पोराने दबक्या आवाजात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगितलं. लिहिणारी मुलगी हसली आणि म्हणाली, "पूर्ण नाव सांगा. घरी कुणाला वाचता येणार नाही." मग काय विचारता! दुपारपर्यंत पट्ट्या संपल्या आणि आमच्याकडचं पुठ्ठ्याचं कार्ड कापून आणावं लागलं. त्या मुलींना आमच्या कॉलेजातल्या किती गोष्टी त्या दिवशी कळल्या असतील, मला अजून हसू येतं. त्यांनी एकही बाहेर सांगितली नाही.

त्या वर्षी ब्रेल कागद आला, टंकयंत्र दुरुस्त झालं, आणि विजेचं बिलही भरलं. आणखी एक फरक पडला तो असा, की पुढच्या मेळ्याच्या पहिल्या बैठकीला निवासी शाळेचे दोन प्रतिनिधी आले, आणि आमच्या पोरांशी वाद घालू लागले. स्टॉलची जागा प्रवेशद्वाराजवळ हवी, मागच्या वेळी स्पीकरखाली दिली होती, तिथे चाली नीट ऐकू येत नव्हत्या. हा वाद ऐकताना मला फार बरं वाटलं.

पैशाच्या व्यवहाराबद्दल तरुण शिक्षकांना मी थोडं सांगते, कारण सगळी मजा इथे बिघडू शकते. महाराष्ट्रात सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं ती दर वर्षी काढतात. आम्ही पैसे नेहमी नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवरच घेतले, पुस्तकं त्यांची, क्रमांक त्यांचे, न वापरलेल्या पावत्यासुद्धा मोजून परत. आयकराची ८० जी सवलत हवी असलेले व्यापारी भेटतात. त्यांना आधीच सांगावं लागतं की दोन हजारांच्या वर रोख दिली तर ती सवलत मिळत नाही, चेक द्या किंवा ऑनलाइन भरा. यूपीआय आल्यापासून सुट्ट्यांची कटकट गेली, पण नवी आली. उत्साही पोरं स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड स्टॉलवर चिकटवतात. चोरी करायचा हेतू कुणाचाच नसतो. पण त्याच खात्यातून त्याचं मोबाइलचं बिल जातं, मित्राला पाठवलेले पैसे जातात, आणि रात्री बाराला तो माझ्यासमोर फोन धरून कुठली रक्कम कशाची ते आठवत बसतो. कोड संस्थेचाच हवा. सोडतीची तिकिटं, लकी ड्रॉ वगैरे आमच्या प्राचार्यांनी कधीच करू दिलं नाही. पोरं नाराज व्हायची, मी नाही.

आणि शेवटचा आकडा लावायचा फळ्यावर. एकूण जमा, खर्च, निव्वळ, कुठे गेला. सगळ्यांना दिसेल असा. एका वर्षी आमच्या खर्चात मांडव आणि ध्वनिक्षेपक मिळून जमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निघाले, आणि तो आकडा झाकावा असं दोघातिघांना वाटत होतं. लावला. पुढच्या वर्षीचा मेळा पटांगणातल्या वडाच्या सावलीत झाला, मांडवाशिवाय.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा गमतीची काही जागाच नव्हती. पोरं दोन दिवसांत कपड्यांचे ढीग घेऊन आली. त्यात फाटक्या साड्या, एकेकटे बूट, लग्नातली एक शेरवानी. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ साली, मी तरुण असताना, असेच ढीग पाहिले होते. या वेळी आम्ही एका गावातल्या शिक्षकांना फोन लावला. कपडे पाठवू नका, ते म्हणाले, खराटे, फावडी, घमेली, फिनेल पाठवा, घराघरांत गुडघाभर चिखल आहे. पोरांनी पंख्यांच्या कमाईचे उरलेले पैसे त्यात घातले आणि ट्रकबरोबर स्वतःही गेली. माळ्यावर चढायची सवय झालेली होती, ती तिथे कामाला आली.

आता मी निवृत्त आहे, पण नव्या तुकडीची पोरं अधूनमधून घरी येतात. परवा आली ती चिंतेत होती. निवासी शाळेने या वर्षी मागितलंय रात्रीच्या काळजीवाहक मावशींचा वर्षाचा पगार. सरकारी अनुदानात ते पद बसत नाही. "मॅडम, पगार गमतीशीर कसा करायचा?" मी काही बोलले नाही. त्यांच्यातलीच एक म्हणाली, मावशी रात्रभर जागतात, तर आपण रात्रभर अंताक्षरी खेळू, प्रत्येक तासाला लोकांकडून ठरावीक रक्कम. मी विचारलं, पैसे आधी घेणार की नंतर? "आधी," सगळे एकदम म्हणाले, म्हणजे क्रिकेटची गोष्ट वरच्या तुकड्यांकडून त्यांच्यापर्यंत पोचली होती. चहा-दुधाचा खर्च कुठून? तो त्यांनी लिहून घेतला. मग एकीने आठवण करून दिली, की मुलींच्या वसतिगृहाचं दार साडेसातला बंद होतं आणि गाणारे आवाज बहुतेक तिकडेच आहेत. बराच वेळ खल झाला. शेवटी ठरलं, की अंताक्षरी सकाळी सहाला सुरू करायची आणि संध्याकाळी सातला संपवायची, आणि मावशींना सांगायचं, की तुम्ही तोवर झोपून घ्या, तुमच्या रात्रीसाठी आम्ही दिवसा जागतोय.